गाभा : ग्रहांचा, तारकागुच्छांचा आणि दीर्घिकांचा

प्रस्तावना

पारनेर, संगमनेर किंवा अकोले तालुक्यातल्या कुठल्याही बांधावरचा काळा, घट्ट दगड घ्या. आधी तो हवेत तोला. मग दोरीला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा आणि पुन्हा तोला. हवेतलं वजन ६०० ग्रॅम भरलं, तर पाण्यात ते ४०० ग्रॅमच्या आसपास येतं. मधले २०० ग्रॅम म्हणजे दगडानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. आपला बेसॉल्ट पाण्याच्या जवळपास तिप्पट जड आहे, हे शाळेतल्या साध्या ताणकाट्यावर कळतं.

आता याच्या शेजारी दुसरी संख्या ठेवा. हेन्री कॅव्हेंडिशनं १७९८ साली लंडनमधल्या आपल्या घराच्या आवारात शिशाच्या गोळ्यांमधलं अतिसूक्ष्म आकर्षण मोजलं आणि त्यावरून सबंध पृथ्वीची सरासरी घनता काढली. ती पाण्याच्या सुमारे साडेपाच पट आली. वरचा दगड तिप्पट आणि आख्खा गोळा साडेपाच पट. खोलवरच्या दाबानं दगडही आवळला जातो, पण तेवढ्यानं हिशेब जुळत नाही. आपल्या पायाखाली, फार खोल, दगडाहून पुष्कळ जड असं काहीतरी असलंच पाहिजे.

हे पुस्तक अशा जागांविषयी आहे, जिथे कोणी गेलेलं नाही आणि जाण्याची शक्यताही नाही. माणसानं खणलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे. १९८९ साली ते १२,२६२ मीटरपर्यंत पोचलं. आपल्या कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेलं पथदर्शी विंधनविवर सुमारे तीन किलोमीटर खोल आहे. पृथ्वीचं केंद्र ६,३७१ किलोमीटरवर आहे. आपल्याच ग्रहाच्या बाबतीत ही अवस्था, तर हजारो प्रकाशवर्षांवरच्या तारकागुच्छाच्या किंवा दीर्घिकेच्या गाभ्याची गोष्टच सोडा. तरीही या तिन्ही ठिकाणांविषयी माणसाला आज बरंच काही खात्रीनं सांगता येतं. ते कसं कळलं, हा या पुस्तकाचा पहिला विषय. आणि मुळात गाभे तयार का होतात, हा दुसरा.

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी प्रकरणं त्याभोवती फिरतात. गाभा म्हणजे ज्याच्यापासून सगळं सुरू झालं असं बीज, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. निसर्गात बहुतेकदा घडतं उलट. गाभा हा परिणाम असतो. आधी सरमिसळ असते; मग गुरुत्वाकर्षण निवड करत राहतं. जड ते आत जातं, हलकं ते बाहेर राहतं, आणि या निवडीचा जमाखर्च मध्यभागी साठत जातो. गाभ्याकडे पाहणं म्हणजे त्या वस्तूचा सगळा इतिहास एका जागी वाचणं.

पहिला भाग ग्रहांचा आहे आणि त्याची सुरुवात भारतातून होते. रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात नोकरीला होते. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. त्याच्या नोंदी युरोपातल्या वेधशाळांमधून गोळा करताना त्यांच्या लक्षात आलं, की भूकंपाच्या लहरी तीन प्रकारच्या असतात आणि त्या वेगवेगळ्या वेळी पोचतात. निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये, १९०६ साली, त्यांनी त्यावरून निष्कर्ष काढला : पृथ्वीच्या मध्यभागातून जाणाऱ्या लहरी रेंगाळतात, म्हणजे तिथला पदार्थ वेगळा आहे. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून कान देतो, तशी पृथ्वीला ही टिचकी भूकंप मारतो आणि जगभरचे भूकंपमापक कान देऊन बसलेले असतात. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेला बसलेला हादरा किंवा ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप आपल्यासाठी दुःखाची आठवण आहे. पण त्यांच्या लहरीही पृथ्वीच्या पोटातून गेल्या आणि दूरदूरच्या यंत्रांवर उमटल्या.

ओल्डहॅमनंतर बेनो गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोल असल्याचं दाखवलं. हॅरॉल्ड जेफ्रीस यांनी १९२६ साली हा गाभा द्रवरूप असल्याचं सिद्ध केलं. मग लहरींना जिथे पोचायलाच नको, अशा भागात काही क्षीण नोंदी मिळू लागल्या. त्यांचा अर्थ डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी लावला. न्यूझीलंडमधल्या १९२९च्या भूकंपाच्या नोंदी त्यांनी बारकाईनं तपासल्या आणि १९३६ साली मांडलं, की द्रवरूप गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. तो घन आहे, मुख्यतः लोखंडाचा आहे आणि त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर आहे, हे आज आपल्याला माहीत आहे. तिथलं तापमान पाच हजार अंश सेल्सिअसच्या वर आहे, तरीही लोखंड वितळलेलं नाही, कारण केंद्रापाशी दाब वातावरणाच्या सुमारे ३६ लाख पट आहे.

हा गाभा आपल्याला परका वाटतो, पण त्याची सही आपल्याच कातळावर आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. कळसूबाईचं १,६४६ मीटर उंचीचं शिखर, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, हे सगळं त्याच थरांतून कोरलं गेलं. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहयुक्त कणांचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनं वळतं आणि दगड पुरेसा थंड झाला की ती दिशा कायमची गोठते. ते क्षेत्र तयार होतं गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या घुसळणीतून. दख्खनच्या कातळातली ही गोठलेली दिशा १९५०च्या दशकात मोजली गेली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ई. आर. डॉइच, सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांचा १९५९चा शोधनिबंध त्या कामातला महत्त्वाचा टप्पा आहे. या मोजमापांनी दोन गोष्टी सांगितल्या. लाव्हा पसरला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला होती. आणि कित्येक थरांत चुंबकाची दिशा आजच्या उलट आहे, म्हणजे गाभ्यातून येणारं क्षेत्र मधल्या काळात उलटलं आहे. भारतीय उपखंड उत्तरेकडे सरकत आला, या आज सर्वमान्य झालेल्या गोष्टीला आपल्या काळ्या दगडानं अशी साक्ष दिली.

इतर ग्रहांचं प्रकरण त्यामानानं नवं आहे आणि वेगानं बदलतं आहे. मंगळावर २०१८ साली उतरलेल्या इनसाइट यानानं सोबत भूकंपमापक नेला होता. त्याच्या नोंदींवरून २०२१ साली मंगळाच्या गाभ्याची त्रिज्या सुमारे १,८३० किलोमीटर ठरवण्यात आली. दोनच वर्षांनी त्याच नोंदींचं नव्यानं विश्लेषण झालं. गाभ्यावर वितळलेल्या खडकाचा एक थर असावा आणि खरा गाभा त्याहून दीडएकशे किलोमीटरनं लहान असावा, असं त्यातून पुढे आलं. गुरूच्या बाबतीत तर गाभ्याची कल्पनाच बदलावी लागली. २०१६पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानानं त्याच्या गुरुत्वाकर्षणाची बारीक मोजणी केली. तेव्हा कळलं, की तिथे आखीव सीमेचा घट्ट गोळा नाही. जड मूलद्रव्यं हायड्रोजनमध्ये विरघळल्यासारखी फार मोठ्या भागात पसरलेली आहेत. म्हणजे निवड प्रत्येक वेळी पुरी होतेच असं नाही. काही गाभे अर्धवट राहतात, काही नंतरच्या धडकांनी ढवळून निघतात.

दुसरा भाग तारकागुच्छांचा. हा विषय समजून घ्यायला आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचं आकाश फार सोयीचं आहे. मे महिन्याच्या मध्यावर, रात्री दहा-साडेदहाला, चित्रा तारका बरोबर दक्षिणेला उंच आलेली असते. भंडारदऱ्याच्या किंवा रतनवाडीच्या बाजूला, दक्षिणेकडचा डोंगर आड येणार नाही अशी जागा पाहून उभे राहा. चित्रेपासून सरळ खाली नजर आणा. क्षितिजापासून जेमतेम २३ अंशांवर, नरतुरंग तारकासमूहात, एक पुसट तारा दिसतो. साध्या द्विनेत्रीतून पाहिलं की तो तारा नसून गोल, धुरकट ठिपका असल्याचं कळतं. हा ओमेगा सेंटॉरी : सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा, जवळपास एक कोटी ताऱ्यांचा बंदिस्त गुच्छ. युरोपातल्या बहुतेक देशांतून तो क्षितिजाच्या वर येतच नाही. आपल्याला तो घरबसल्या मिळतो.

सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. अशा गुच्छाच्या गाभ्यात तारे एकमेकांपासून प्रकाशवर्षाच्या काही दशांशांइतक्या किंवा त्याहूनही कमी अंतरावर असतात. ते सहसा एकमेकांवर आदळत नाहीत, पण जवळून जाताना एकमेकांची गती बदलतात. या देवघेवीत जड तारे गती गमावतात आणि मध्याकडे उतरतात, हलके तारे ती गती घेऊन बाहेर पडतात. लोखंड खाली बसून ग्रहाचा गाभा होतो, त्यासारखंच हे दिसतं. पण इथे वितळणं नाही, घर्षण नाही, फक्त लांबून झालेल्या ओढाताणीचा कोट्यवधी वर्षांचा हिशेब आहे.

आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडते. आपल्या रोजच्या अनुभवात तापलेली वस्तू उष्णता देते आणि थंड होते. गुरुत्वाकर्षणानं बांधलेला गाभा ऊर्जा गमावतो तेव्हा आकसतो आणि आकसला की त्यातले तारे आणखी वेगानं धावतात. म्हणजे ऊर्जा देऊन तो अधिक तापतो, अधिक तापला की आणखी देतो. रशियाच्या व्ही. ए. अँतोनोव्ह यांनी १९६२ साली आणि डोनाल्ड लिंडेन-बेल व रॉजर वुड यांनी १९६८ साली या घसरणीचं गणित मांडलं. आपल्या आकाशगंगेतल्या बंदिस्त गुच्छांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याचे गाभे असे कोसळलेले आहेत. महाश्व तारकासमूहातला एम १५ हा त्यांतला प्रसिद्ध. हे कोसळणं शेवटी थांबतं ते जोडताऱ्यांमुळे. एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी जवळून जाणाऱ्या तिसऱ्याला गती देते आणि स्वतः अधिक घट्ट होते. तेवढी ऊर्जा गाभ्याला सावरायला पुरते.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही, याचा एक सुरेख पुरावा आपल्या शेजारी मिळाला. कल्याण–नगर रस्त्यानं आणे घाट उतरून जुन्नर तालुक्यात पुढे गेलं, की खोडदच्या परिसरात जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि जिद्दीतून उभी राहिलेली ही दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी, १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर. जवळ उभं राहून पाहिलं तर पहिल्यांदा जाणवतं ते हे, की तबकडी भरीव नाही. पोलादी दोरखंड ताणून केलेल्या सांगाड्यावर बारीक तारेची जाळी बसवलेली आहे. तार अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड, जाळीची घरं मध्यभागी एक सेंटिमीटरची आणि कडेला दोन. पलीकडचं आकाश आरपार दिसतं, वारा सहज निघून जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी हलकी आणि स्वस्त झाली. रेडिओलहरींची लांबी जाळीच्या घरांहून कितीतरी मोठी असल्यानं त्यांना मात्र ही जाळी भिंतीसारखीच वाटते.

२००४ साली या दुर्बिणीनं एनजीसी १८५१ या गुच्छात एक पल्सार शोधला. पल्सार म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा अतिघन अवशेष. हा सेकंदाला सुमारे २०० वेळा स्वतःभोवती गरगरतो. अशी गती येते ती जोडीदाराचा पदार्थ ओढून घेतल्यानं, आणि त्या प्रक्रियेत कक्षा अगदी गोल होते. या पल्सारची कक्षा मात्र कमालीची लांबट आहे. संशोधकांनी अर्थ लावला तो असा : आधीचा जोडीदार हिरावला गेला आणि गाभ्याच्या गर्दीत जवळून जाणारा दुसरा जड तारा त्याच्या जागी आला. आपल्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या जाळ्यांनी, सुमारे ४० हजार प्रकाशवर्षांवरच्या गाभ्यातल्या त्या अदलाबदलीचा माग काढला. मला याचा मनापासून अभिमान वाटतो आणि तो इथे लपवण्याचं कारण नाही.

ओमेगा सेंटॉरीची कथाही पुढे सरकली आहे. हबल दुर्बिणीच्या वीसेक वर्षांच्या छायाचित्रांवरून त्याच्या गाभ्यातल्या ताऱ्यांच्या हालचाली मोजल्या गेल्या. त्यात सात तारे असे सापडले, की गुच्छाच्या गुरुत्वाकर्षणानं त्यांना धरून ठेवता येऊ नये इतका त्यांचा वेग आहे. तरीही ते मध्यभागी एकत्र आहेत. तिथे किमान ८,२०० सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर असलं पाहिजे, असं २०२४ साली मांडलं गेलं.

इथून तिसरा भाग सुरू होतो : दीर्घिकांचे गाभे. आपल्या आकाशगंगेचं केंद्र धनु राशीत, वृश्चिकाच्या नांगीच्या अलीकडे-पलीकडे शोधावं लागतं. डोळ्यांना तिथे दाट चंदेरी पट्टा आणि त्यातल्या धुळीच्या काळ्या रेघा दिसतात. केंद्र त्या धुळीच्या मागे, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर आहे. पहिली चाहूल प्रकाशानं नव्हे, रेडिओलहरींनी दिली. टेलिफोनच्या संदेशांत येणारी खरखर शोधताना अमेरिकेत कार्ल जान्स्की यांना १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आढळलं, की एक खरखर दररोज चार मिनिटं लवकर येते. चार मिनिटं लवकर उगवतात ते तारे. म्हणजे ही खरखर आकाशातल्या ठरावीक जागेवरून येत होती, आणि ती जागा आकाशगंगेच्या केंद्राकडची होती. १९७४ साली ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना तिथे रेडिओलहरींचा एक अतिशय लहान, ठळक उगम सापडला. आज आपण त्याला सॅजिटेरियस ए-तारांकित म्हणतो. कमी कंप्रतेच्या लहरींत तो मधल्या वायूमुळे दिसेल की नाही, याची शंका होती. खोडदच्या दुर्बिणीतून सुभाशिष रॉय आणि प्रमेश राव यांनी तो ५८० मेगाहर्ट्झला टिपला.

पुढचं काम रेनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांच्या दोन स्वतंत्र गटांनी केलं. धुळीतून पार होणाऱ्या अवरक्त प्रकाशात त्यांनी केंद्रापाशी फिरणारे तारे वर्षानुवर्षं टिपले. एस २ नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो आणि केंद्राच्या सर्वांत जवळ येतो तेव्हा सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक वेगानं जातो. कक्षा कळली की मधलं वजन काढता येतं : सुमारे ४३ लाख सूर्य, इतक्या लहान जागेत, की कृष्णविवराखेरीज दुसरा पर्याय उरत नाही. २०२०च्या नोबेल पारितोषिकात या दोघांचा वाटा होता. १० एप्रिल २०१९ला एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातल्या, सुमारे ६५० कोटी सूर्यांच्या वजनाच्या कृष्णविवराचं आणि १२ मे २०२२ला आपल्या केंद्राचं चित्र जगासमोर आलं. त्यात दिसतं ते कडं. आतली काळी सावली कळते ती प्रकाशाच्या अभावामुळेच.

जीएमआरटीसारख्या कमी कंप्रतेच्या दुर्बिणीचं खास बळ या भागात कळतं. काही दीर्घिकांच्या गाभ्यांतून पदार्थाचे झोत लाखो प्रकाशवर्षं दूर फेकले जातात. झोत थांबला तरी त्यातले इलेक्ट्रॉन लगेच विझत नाहीत. जास्त ऊर्जेचे आधी थकतात, कमी ऊर्जेचे दीर्घकाळ मंद लहरी देत राहतात. म्हणून गाभा पूर्वी कधी जागा होता, कधी शांत झाला, पुन्हा कधी जागा झाला, याचा इतिहास कमी कंप्रतेलाच नीट वाचता येतो.

आता एक सावधगिरी. पिंडी ते ब्रह्मांडी, हे आपल्या ओठांवरचं वचन आहे. तिन्ही प्रकारचे गाभे शेजारी ठेवले की ते पटकन आठवतं, पण त्याला इथे भुलू नये. तिन्हीकडे बळ एकच आहे, रीत मात्र वेगळी. ग्रहात वितळलेलं लोखंड उतारावरच्या पाण्यासारखं खाली जातं आणि उष्णता सोडतं. गुच्छात तारे लांबून एकमेकांची गती बदलतात. दीर्घिकेत वायूला आपली गोल फिरण्याची गती आधी गमवावी लागते, तेव्हाच तो केंद्रापर्यंत पोचतो; म्हणूनच आपल्या केंद्रातलं कृष्णविवर सबंध आकाशगंगेच्या मानानं अगदी किरकोळ आहे. साम्य शोधल्यानं विषयात शिरता येतं. समज येते ती फरक मोजल्यावर. प्रत्येक भागाच्या अखेरीला मी म्हणूनच हे फरक मुद्दाम मांडले आहेत.

पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर दहावी-बारावीचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि आकाशाची आवड असलेले कुठल्याही वयाचे वाचक होते. गणित बेरीज-गुणाकाराच्या पुढे जाईल तिथे ते चौकटीत ठेवलं आहे. चौकट वगळली तरी धागा तुटत नाही. शिक्षकांना एक विनंती : २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास खोडदला विज्ञानप्रदर्शन भरतं आणि दुर्बीण पाहता येते. मुलांना घेऊन जा. आणि अकोले तालुक्याच्या डोंगरी पट्ट्यात पर्यटन वाढवणाऱ्यांना दुसरी विनंती : दिवे खाली तोंड करून लावा. ओमेगा सेंटॉरी जेमतेम २३ अंशांवर येतो. दक्षिणेकडच्या एका प्रखर झोतदिव्यानं तो सगळ्या गावापासून हिरावला जातो.

हा विषय अजून मिटलेला नाही. पृथ्वीचा घन गाभा किती जुना, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. लहान कृष्णविवरांतून मोठी कशी झाली, हेही ठरायचं आहे. या दुसऱ्या प्रश्नावर पुढचं काम मराठवाड्यात होणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटरच्या भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ साली मंजुरी दिली. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होताना उठणाऱ्या गुरुत्वलहरी ती टिपेल. आणि अशा जोड्या जुळण्याची एक संभाव्य जागा म्हणजे तारकागुच्छांचे दाट गाभे. तिथून पहिली बातमी येईल तेव्हा मराठी वाचकाला ती मथळ्यापलीकडे समजावी, त्यातलं काय मोजलेलं आहे आणि काय अनुमान आहे हे त्याला स्वतः ओळखता यावं, यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

अकोले, जि. अहिल्यानगर